चेंडू हलण्याआधी

समोरून काय येतंय ते वेळेआधी ओरडून सांगणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? राखणदार की फितूर? पटकन उत्तर देऊ नका. हेझलेट गावाने घाई केली, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही वेळा वेगवेगळं उत्तर दिलं. मधल्या मध्ये एझ्रा पिंकनीवर येडा व्हायची पाळी आली.

हेझलेट पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेला, नदीकाठी. पोलादाची गिरणी बंद पडली तरी शाळेचा अमेरिकी फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा नि फेकायचा तो, काही बंद पडला नाही. त्या मैदानावरून उठलेला एझ्रा पुढे नऊ मोसम पगारी फुटबॉल खेळला, तीन शहरांकडून. जागा मधल्या गड्याची. म्हणजे चेंडूवर वाकून उभं राहायचं, पायांमधून तो मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या रेड्यासारख्या माणसाची धडक छातीवर घ्यायची. टीव्हीवर त्याचं काय दिसतं? ढुंगण. नऊ वर्षं देशाने त्याचं तेवढंच बघितलं. खेळाडूंच्या फोटोंची कार्डं पोरं जमवतात, त्यात एझ्राचं एकदाही निघालं नाही. चेंडू फेकणाऱ्याचं निघतं, झेलणाऱ्याचं निघतं. ज्याच्या आडोशाला उभं राहून फेकतात त्याचं कशाला? आणि याची लाज कुणालाच वाटत नाही.

पण मधल्या गड्याचं आणखी एक काम असतं, ते लोकांना ऐकूच येत नाही. चेंडू मागे देण्याआधी समोरच्यांचे खांदे, टाचा, नजरा बघायच्या आणि कोण कुठून घुसणार ते आपल्या लाइनीला, म्हणजे शेजारी वाकलेल्या गड्यांना, ओरडून सांगायचं. एका श्वासाचा उशीर झाला, की शेजारच्याचा गुडघा गेलाच म्हणून समजा. नऊ वर्षं एझ्राने हेच केलं. आधी ओरडायचं, मग मार खायचा.

मग एका उन्हाळ्यात सराव-शिबिरात क्लबचा कारकून खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "कोच बोलावतायत. डावांची वही बरोबर आणा." वही मागितली की माणूस संपला, हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. दुखरी कंबर, दोन कापलेले गुडघे आणि शाबूत आवाज घेऊन एझ्रा गावी परतला. फर्निचरच्या दुकानात कपाटं ढकलू लागला.

गावच्या रेडिओवर शाळेच्या सामन्यांचं वर्णन करायचा वॉल्ट डुबिन्स्की. म्हातारा, खोकलणारा, पण चेंडूवरून नजर न हटवणारा. वीसेक वर्षांनी त्याच्या जोडीला बसणारा माणूस फ्लोरिडाला राहायला गेला, तेव्हा ती खुर्ची एझ्राला मिळाली. पहिल्याच शनिवारी वॉल्टने विचारलं, "एझ्रा, चेंडू कुणाकडे गेला रे?"

"मला काय माहीत? मी चेंडूकडे बघतच नाही."

"मग काय बघतोयस, ढग?"

"आपल्या डाव्या गड्याची बोटं. जमिनीवर टेकलीत बघ, पांढरी पडलीत. सगळं वजन पुढे आहे. आता हे डावीकडून पळणार."

पळाले. डावीकडूनच.

झालं! गाव त्याच्यावर खूश. लोक मैदानात येताना कानाला लावायला छोटे रेडिओ आणू लागले. डोळ्यांपुढे सामना, कानात एझ्रा. तो म्हणायचा, "टाचा खाली आल्या, आता फेकणार," की चेंडू हवेत. त्या डाव्या पोराची बोटं आपला डाव चव्हाट्यावर मांडतात, हे एझ्राने कोच रे मल्व्हेनीला दोनदा जाऊन सांगितलं होतं. मल्व्हेनीने टोपी खाली ओढली आणि म्हणाला, "एझ्रा, तू आता रेडिओवाला. कोच मी आहे." ठीक. एझ्रा परत रेडिओवर येऊन बसला.

मग ऑकलीच्या शाळेशी सामना आला. प्रेक्षकांच्या बाकांच्या वर रेडिओची खोली आणि पाहुण्या संघाची खोली शेजारी-शेजारी, मध्ये प्लायवूडची फळी. या बाजूला वॉल्ट खोकला की त्या बाजूचे "सांभाळा, आजोबा" म्हणायचे, इतकी ती पातळ. पलीकडे ऑकलीचे दोन मदतनीस कोच कानाला यंत्रं लावून बसलेले, खाली मैदानाकडेला उभ्या आपल्या कोचशी बोलत. एझ्रा आपला ओरडतोय, "डावीकडून पळणार! आता फेकणार!" आणि ऑकलीवाले दर वेळी नेमके तिथेच उभे. हेझलेट एकतीस-शून्य हरलं.

सामना संपल्यावर उतरताना, जिन्यावर भेटायला आलेल्या ऑकलीच्या कोचने सगळ्यांदेखत एझ्राचा हात हातात घेतला. "पिंकनीसाहेब, फार उपकार झाले. आमच्या माणसांना आज दुर्बीण लागलीच नाही."

एझ्रा आधी हसला. जिना उतरेपर्यंत त्याला त्याचा अर्थ कळला.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये कोबीच्या गुंडाळ्यांचं जेवण होतं. एझ्रा ताट घेऊन बसला तर शेजारचे उठले. कुणीतरी मागून हाक मारली, "काय एझ्रा, ऑकलीवाल्यांनी ट्रॉफीत वाटा दिला का?" मल्व्हेनी समोर येऊन उभा राहिला. "पोरांनी आठवडाभर घाम गाळला आणि तू माइकवरून सगळं पलीकडे पोचवलंस!"

"मी लोकांना सांगत होतो, रे."

"लोकांना सांगत होतास तर ऑकलीला कसं कळलं?"

बोटं कुणाची पांढरी पडत होती आणि दोनदा सांगूनही ते कुणी का सुधारलं नाही, हा प्रश्न त्या हॉलमध्ये एकालाही पडला नाही. सोपं होतं ना, चौपन्न वर्षांचा एक धिप्पाड माणूस समोर ताट घेऊन बसला होता.

रेडिओ चालवणारी लोरीन हॅस्केल बाई सरळ होती. तिने एझ्राला बसवून सांगितलं, "चेंडू हलेपर्यंत तोंड बंद. हलला की हवं ते बोल. पुन्हा आधी बोललास तर ती खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल. मला वाईट वाटेल, पण देईन."

खुर्ची गेली तर उरतं काय? कपाटं. अख्ख्या अंगात न झिजलेला एक आवाजच राहिला होता, आणि त्याला जागा मिळाली होती ती तेवढीच.

बायको व्हर्नेटाने घरी सराव घ्यायला सुरुवात केली. टीव्हीवर जुना सामना लावायचा, एझ्राच्या तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवायची. "चेंडू हलला की चाव. आधी नाही."

मधला गडी वाकला. कडकन आवाज झाला. "उजवीकडून येतोय!"

"अरे देवा! एझ्रा, गोळी!"

"मी नाही चावली. ती चावली गेली."

"तुझं हे जुनंच आहे. मी लग्नाला हो म्हणायच्या आधी माझ्या आईला सांगून आला होतास."

ती हसली. तो हसला नाही. "व्हर्नेटा, मी खरंच कुणाला सांगत असतो गं? लाइन तर नाही समोर. मग ओरडतो कुणासाठी?" तिने दुसरी गोळी सोलून त्याच्या तोंडात ठेवली.

मोसमाचा शेवटचा सामना ब्रुकसाइडशी. अर्ध्या सामन्यापर्यंत एझ्रा जीभ दातांत धरून बसला. चेंडू हलला की म्हणायचा, "हं. पळाले."

वॉल्टने माइकवर हात ठेवला. "हे आंधळ्यालाही दिसलं, बाबा."

"मग मी काय बोलू?"

"ते तुझं तू बघ." रेडिओच्या कचेरीत लोक फोन करून विचारू लागले, एझ्रा आजारी आहे का.

शेवटची काही मिनिटं उरली. हेझलेट चार गुणांनी मागे. आपली लाइन वाकलेली. आणि एझ्राला दिसलं, ब्रुकसाइडचा कडेचा गडी अर्धं पाऊल आत सरकलाय, आणि त्याची नजर आपल्या चेंडू फेकणाऱ्या पोराच्या पाठीवर. पाठीवर! डाव्या गड्याचं तिकडे लक्षच नाही. हे पोरगं आता मागून मोडणार. एझ्रा खुर्ची उलटवून उठला.

"डावीकडे! डावीकडे बघ रे!"

कुंपणापासून वरच्या बाकांपर्यंत, लोकांच्या मांडीवरच्या प्रत्येक रेडिओतून ते एकदम ओरडलं. डाव्या गड्याने मान वळवली, खांदा घातला, घुसणारा आडवा. मागच्या पोराने उभ्या-उभ्या चेंडू फेकला, दुसऱ्याने तो रेषेपलीकडे झेलला, एकदम सहा गुण. हेझलेट जिंकलं.

लोक मैदानाकडे पाठ करून रेडिओच्या खिडकीकडे बघत त्याच्या नावाने ओरडू लागले. मल्व्हेनीने टोपी काढली. एझ्रा घामाने निथळत उभा.

"वॉल्ट, मी आत्ता काय केलं?"

"सामना जिंकलास."

"आणि ऑकलीच्या वेळी?"

"हरवलास."

"पण मी तर तेच केलं!"

वॉल्टने थर्मासमधली कॉफी ओतली. "मला नको विचारूस. मी फक्त चेंडू बघतो."

ब्रुकसाइडने तक्रार केली. रेडिओवरून खेळाडूंना डाव सांगतात, हे कुठल्या नियमात बसतं? शाळांच्या संघटनेने लोरीनला बोलावून दम दिला. सोमवारी ती एझ्रासमोर बसली. "अख्खं गाव म्हणतंय तुला ठेव. संघटना म्हणते काढ. तू फक्त एवढं म्हण, की पुढे आधी बोलणार नाही."

"म्हणतो. पण ते खोटं असेल."

"मग मी काय करू?"

"तू सांग."

"नाही, तू सांग."

शेवटी एझ्राने कानाची यंत्रं खुंटीला अडकवली आणि दारापर्यंत गेला. ती हाक मारेल म्हणून थांबला. तो वळेल म्हणून ती थांबली. मग तो गेला. त्याने सोडलं की त्याला काढलं, हे त्याला अजून कळलेलं नाही. व्हर्नेटाने विचारलं की एक दिवस एक उत्तर देतो, दुसऱ्या दिवशी दुसरं.

नव्या मोसमात वॉल्टच्या शेजारी एक गुळगुळीत आवाजाचा माणूस बसतो. झालेलं झाल्यावर सांगतो, कुणाची तक्रार नाही. एझ्रा खाली कुंपणाला टेकून उभा असतो आणि ओरडतो. लाइनीतली पोरं त्याच्याकडे मान वळवतात, मल्व्हेनी न ऐकल्यासारखं करतो, मागचे प्रेक्षक म्हणतात, "पिंकनी, बस की खाली." तो गोंधळून मागे बघतो आणि गप्प होतो. पुढच्या डावाला पुन्हा ओरडतो.

शनिवारी दुपारी त्या बाजूला गेलात तर तिकीट काढून आत जा, कुंपणापाशी त्याच्या शेजारी उभे राहा, आणि मागून कुणी त्याला खाली बसवायला लागलं तर कृपा करून तुम्ही तरी त्यांच्यात सामील होऊ नका.