नडगीवर बोटभर जागा

सखाराम गेल्याचं कार्ड मला खामगावला मिळालं, तेव्हा त्याची तेरवीही उरकली होती. ज्याने उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या बऱ्यावाईट बातम्या वेळेवर पोचवल्या, त्याचीच बातमी अशी उशिरा यावी...

पिंपळगाव राजाच्या पोस्टात मी मास्तर आणि तो हरकारा. टपालाची थैली खांद्यावर टाकून अर्ध्या वाटेपर्यंत पळायचं, तिथे खामगावच्या हरकाऱ्याशी थैली बदलायची आणि पळतच परतायचं, हे त्याचं रोजचं काम. मी दोन पावलांत धापा टाकणारा. मला तो खुशाल ‘बसल्या जागचे हरकारे’ म्हणायचा आणि मला ते आवडायचं. त्याचा बापही हरकाराच. घरातला दंडक असा, की आजारपणातून उठलेल्याने एकदम पळायचं नाही. आठ दिवस नुसतं चालायचं, मग एक वावर, म्हणजे एका शेताच्या लांबीएवढं, पळायचं, एक वावर चालायचं, तेही चाकोरीच्या कडेच्या मऊ मातीवरून. “हाड बी पडीक वावरावानी असते, मास्तर,” तो सांगायचा. “हळूहळू कामाले लावा लागते.”

एका वर्षी हिवतापाने तो दोन महिने अंथरुणाला खिळला. उठला आणि दंडकाप्रमाणे चालू-पळू लागला, तशी डाक उशिरा यायला लागली. इन्स्पेक्टरसाहेबांची तपासणी तोंडावर आलेली. मी त्याला फैलावर घेतलं. “बापाचे कायदे घरी ठेव. उद्यापासून सगळी वाट पळत जायचं.” तो पळू लागला. पंधरा दिवसांनी धोतर वर करून त्याने नडगीवर एक बोट ठेवलं.

“इथंच दुखते, मास्तर. या बोटाएवढ्या जाग्यात. आता थांबलो तं भरून येईन. थोडे दिवस बदलीचा मानूस द्या.”

मी पाहिलं. सूज नाही, साधं खरचटलेलंही नाही. म्हटलं, “काऊन बहाणे करून राह्यला बे? तपासणी होऊ दे, मग झोप.”

तिसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर, ना ठेच ना खड्डा, ते हाड मोडलं. एका गाडीवानाने त्याला बैलगाडीत घालून आणलं. गाडी दारात थांबली तेव्हा मी आधी थैलीचं सील पाहिलं आणि मग त्याच्याकडे. याची मला आजही शरम वाटते. त्याचं हाड वाकडं जुळलं, नोकरी गेली. त्याचं घर चार गल्ल्या पलीकडे, पण कोणत्या तोंडाने जाणार? गेलोच नाही. तीनेक महिन्यांनी तो काठी टेकत पोस्टात आला. जाब विचारायलाच आला असणार, असं धरून मी आतूनच निरोप पाठवला, ‘कामात आहे, मग ये.’ तो ओट्यावर बराच वेळ बसला... आणि निघून गेला. पुढे माझी बदली झाली.

परवा त्याच्या घरी जाऊन आलो. काठी भिंतीला टेकून उभी होती, मुठीपाशी हाताने गुळगुळीत झालेली. त्याच्या बायकोने, सोनाबाईने, चहा ठेवला.

“पाय टेकता आला तवा पयले तुमच्याकडंच आले होते ते,” ती म्हणाली. “‘मास्तरले इकडं यायची लाज वाटत असन, मीच जाऊन सांगतो का माह्या मनात काही नाही,’ असं म्हनून गेले. घरी आल्यावर काही सांगतलंच नाही. काय बोलले होते तुमी दोघं?”

“बरंच बोललो होतो, वहिनी.”

“बरं झालं बाप्पा,” ती म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली.