तुमचं घड्याळ मागे आहे म्हणे

पिंपळे गुरवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये किती वाजले हे कोणी समोरच्या जयसिंगभाऊजींना विचारत नाही. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. चाकणला कंपनीत होते तेव्हा बस चुकू नये म्हणून पुढे केलेलं. माणूस रिटायर झाला, घड्याळ अजून ड्यूटीवर आहे. जन्मात एक लेट मार्क नाही, हे पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबरच ऐकवतात.

अशा माणसाला दिवाळीच्या तोंडावर कॉम्प्युटर म्हणाला, 'तुमचे घड्याळ मागे आहे.'

त्या दिवशी त्यांना लेकीच्या, दिव्याच्या, साखरपुड्यासाठी थेरगावचा हॉल बुक करायचा होता. हवा होता गुरुवार. मुलाकडचे सगळे कंपनीतले, सुट्टी गुरुवारचीच, त्यामुळे हॉलचे गुरुवार बघता बघता संपतात. बुकिंग वेबसाइटवर दहाला सुरू होणार. दिव्या फर्स्ट शिफ्टला, तिचा फोन गेटवर जमा. भाऊजींचा फोन बटणांचा. माझ्या मोबाईलवरून करू म्हटलं, तर म्हणाले, "पोरीचं कार्य उसन्या फोनवर न्हाई करायचं, पूनमवहिनी." मग मी आपली चहाला बसले.

त्यांनी एका बोटाने वेबसाइटचं नाव टाकलं. हॉलऐवजी ते वाक्य आलं.

"वहिनी, ह्याला माझं घड्याळ दिसतं व्हय?"

"वर कॅमेरा आहे की," मी म्हटलं. मला काय, फुकटची करमणूक.

भाऊजींनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "दहा मिनिटं पुढं हाय, आन् हा म्हणतो मागं."

"साफसफाईत मी कॉम्प्युटरची पिन काढली होती," भाऊजींच्या मिसेस केसरताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "रुसला असेल."

भाऊजी स्टुलावर चढले आणि त्यांनी मोठा काटा चांगला वीस-पंचवीस मिनिटं पुढे ढकलला. "घे," स्क्रीनला म्हणाले. पान पुन्हा उघडलं. पुन्हा तेच वाक्य. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली. सव्वादहा.

"गेला," ते म्हणाले. "गुरुवार गेला."

"अहो, काटे तुम्हीच फिरवलेत ना?"

"फिरवले, पन वाजले ते वाजलेच की."

ते स्टुलावरच बसले. केसरताई पदराने हात पुसत दारात आल्या आणि पुसतच राहिल्या. "गुरुवार नसेल तर मुलाकडचे पुढच्या वर्षावर ढकलतील हो," त्या म्हणाल्या. तेव्हा माझी करमणूक संपली. चष्मा लावून मी त्या वाक्याखालची बारीक अक्षरं वाचली. कॉम्प्युटरच्या मते त्या दिवशी १ जानेवारी २०१२ होती, रविवार.

"रविवार?" भाऊजी म्हणाले. "मग हापिस बंदच असणार."

खाली 'तारीख आणि वेळ अपडेट करा' असं बटण होतं. मी ते दाबलं, मोबाईल काढला आणि बघून बघून खरी तारीख भरली, खरी वेळ भरली. दहाला आठ कमी होते. पान उघडलं, हॉलचा फोटो आला. दहाच्या ठोक्याला भाऊजींनी आपला गुरुवार असा दाबला, जणू पंचिंग मशीनच.

संध्याकाळी दिव्याने समजावलं. "बाबा, गेटवरचा वॉचमन पासवरची तारीख बघतो ना? तसा हा कॉम्प्युटर वेबसाइटचा पास बघतो. ह्याच्या आतला सेल संपलाय, पिन काढली की तारीख विसरतो. त्याच्या हिशेबाने २०१२ चालू होतं, म्हणून आजचा पास त्याला खोटा वाटला."

"मग वॉचमन बदला," भाऊजी म्हणाले. "माझ्या घड्याळाला का नावं ठेवतो?"

ते काटे त्यांनी आजतागायत मागे घेतलेले नाहीत. पुढे केले म्हणूनच हॉल उघडला, यावर ते ठाम आहेत. मीही कबूल केलंय. चहा बरा असतो त्यांच्याकडे.

साखरपुड्याला आम्ही निघालो ते त्याच घड्याळावर. थेरगावला पोचलो तर हॉलला कुलूप. केसरताई हातात ओटीचं ताट धरून उभ्या, आणि मी फुलांच्या पिशवीवर बसलेली.

वॉचमन झाडू टेकवून म्हणाला, "काका, लई लवकर आलात."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं का, वहिनी? म्हणे मागं हाय."