पुष्पा गाडेची चाचणी

सकाळी टर्बाइन हॉलमध्ये आली, की पुष्पा गाडे आधी ट्रिप तपासायची. वेग हाताबाहेर गेला की वाफ तोडते ती ट्रिप. ते झाल्याशिवाय कुणाच्या नमस्कारालाही उत्तर नाही. "लोड असताना सगळीच मशिनं शहाणी असतात," ती म्हणायची. "लोड गेल्यावर बघायचं."

तिचा थोरला भाऊ महादू चाकणला आमच्याच कंपनीच्या वीजघरात ऑपरेटर होता. मी तिथे लागण्याआधीची गोष्ट. एका दुपारी कारखान्याचा सगळा लोड एकाएकी गेला. भार सुटला, वाफ मात्र येतच राहिली, आणि टर्बाइन पिसाटलं. उत्पादन सारखं थांबतं म्हणून मॅनेजर साबळ्यांनी ट्रिप बंद करून ठेवली होती. महादू हातानं वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायला धावला. पाती कवच फोडून बाहेर आली आणि महादू जागीच गेला. नंतर साबळे त्याच्या गावी, कुरुळीला येऊन त्याच्या आईला म्हणाले, "तुमच्या मुलाचीच चूक झाली."

पुष्पा इंजिनिअर झाली आणि याच कंपनीत आली. हीच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तो माणूस अजून हितंच हाय."

नव्या टर्बाइनच्या चाचणीला साबळे डायरेक्टर म्हणून पाहुणे घेऊन आले. ही महादूची बहीण, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुष्पानं त्यांना मशीनशेजारच्या पॅनलपाशी उभं केलं.

"आता चालू मशीनवरचा सगळा लोड काढते, साहेब."

साबळ्यांचा चेहरा उतरला. "ट्रिप चालू आहे ना?"

"माझा भाऊ महादू गाडे तुम्हाला रोज हेच विचारायचा."

तिनं बटण दाबलं. आवाज चढला, पायाखालची जमीन थरथरली. वाफेचे व्हॉल्व्ह आपोआप खाडकन मिटले, वेग थोडा वर जाऊन जागेवर आला. ट्रिपची गरजही पडली नाही. पण साबळे तोवर पाहुण्यांना ढकलून दाराबाहेर पळाले होते.

ते परतल्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा भाऊ मशीनकडे धावला होता, साहेब."

पुढच्या रविवारी ते कुरुळीला आले, तेव्हा मी पुष्पाच्या घरीच होतो. पुष्पानं त्यांना पाणीही विचारलं नाही.

"मला काही सांगू नका. आई ओट्यावर बसलीय, तिला सांगा. मोठ्यानं बोला, तिला कमी ऐकू येतं."

साबळे पुटपुटले. म्हातारी लसूण सोलत राहिली. शेवटी त्यांना ओरडूनच सांगावं लागलं, "चूक माझी होती. ट्रिप मी बंद करायला लावली होती." शेजारपाजारची माणसं दारात आली.

गाडी गेल्यावर पुष्पा आईच्या कानाशी न जाता, आतूनच हलक्या आवाजात म्हणाली, "झालं गं, आई."

"व्हय," म्हातारी मान वर न करता म्हणाली. "आख्ख्या आळीनं ऐकलं."