मौन नव्हतं ते

देगलूरहून हैदराबादला निघालो त्या सकाळी आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझ्या खांद्याला बॅग, हातात लोणच्याची बरणी. आई दबक्या आवाजात म्हणाली, "लांबूनच नमस्कार कर बाबा. आबांचं मौन चालू हाय." मी उंबऱ्यातच वाकलो. वडिलांची पाठ हलली नाही. बसमध्ये वाटभर वाटत राहिलं, शेती सोडून कंपनीत चाललो म्हणून ते रागावलेत. तो राग त्यांचा नव्हताच, पण हैदराबादेत, कुकटपल्लीच्या घरात, मी तो कित्येक वर्षं वागवला.

आबांचं मौन गावात प्रसिद्ध होतं. वर्षा-दोन वर्षांनी ते यायचं आणि महिनोन्‌महिने राहायचं. आबा बोलायचे नाहीत, ते मौन. भाकरी परत पाठवायचे, तो उपास. अंघोळ सोडायचे, तर शेजारचे काका म्हणायचे, "त्यांना आता कसलं सोवळं न्‌ कसलं ओवळं!" डोळ्यांतून पाणी गळायचं, तेव्हा बायका एकमेकींना सांगायच्या, बघा, भाव दाटून आलाय. लोक नारळ घेऊन यायचे आणि खाटेवरच्या निपचित पायांवर डोकं ठेवायचे. दहावीच्या परीक्षेआधी मीही ठेवलं होतं. असल्याच एका मौनात आबांनी अन्न जवळजवळ सोडलं आणि ते गेले. गाव म्हणालं, आबांनी देह ठेवला. सवाष्णींनी त्यांच्या खाटेला हळदकुंकू लावलं. डॉक्टरला कुणी बोलावलं नव्हतं. साधुपुरुषाला कोण डॉक्टर दाखवतं?

मग ते माझ्याकडे आलं. मी पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बायको सुनंदा शिकवण्या घेते. मुलगी माझ्याशी मराठीत सुरू करते आणि तेलुगूत संपवते. घर चांगलं चाललेलं होतं. मला दुःख असं काही नव्हतं, आणि हेच कुणाला पटत नाही. एका सकाळी मी दारात चपलांच्या दोन जोडांकडे बघत उभा राहिलो आणि कुठला घालायचा ते ठरेना. बराच वेळ. शेवटी आत येऊन खाली बसलो. अंघोळीच्या बादलीत हात घालायचा म्हणजे डोंगर उचलायचा. कुकरची शिट्टी दुसऱ्या कुणाच्या घरात वाजल्यासारखी लांबून यायची. मुलगी हसून काही सांगायची, मला शब्द कळायचे, हसू कळायचं नाही. आणि या सगळ्यावर पसरलेला अपराध. कसला, ते माहीत नाही. पण मी काहीतरी भयंकर केलंय, ही खात्री उठल्यापासून झोपेपर्यंत.

कारखान्यातला करीमभाई म्हणाला, "क्या मियाँ, सुस्ती आरी? बिर्यानी खाओ, हौले नक्को बनो." तो बिचारा खुळा म्हणून थट्टा करत होता, त्याला मी माफ केलं. तुम्हाला, माझ्या देगलूरच्या माणसांनो, अजून जमत नाही. सुनंदानं कळवलं, तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "पगार चालू असताना कसलं आलंय डिप्रेशन? शहरातले नखरे." कुणी म्हणालं, बाहेरगावी राहिला, बाहेरचं लागलं असेल. तेच अंथरूण, तीच भिंत, तीच पाठ. आबांची पूजा झाली आणि माझी टिंगल. विचारपूस मात्र दोघांचीही झाली नाही.

सुनंदा मला ओढत शहरातल्या कोठी भागात डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही होतं का? मी ताठ होऊन म्हणालो, "नहीं मैडम, हमारे पिताजी तो मौन रखते थे." म्हणजे आमचं घराणं तसलं नाही. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "मौन शुरू करने का दिन कौन तय करता था?"

आमच्याकडे साधा सोमवार धरायचा तरी संकल्प सोडतात, उद्यापनाचा दिवस ठरवतात. आबांनी एकदाही दिवस ठरवला नव्हता. मौन धरावं लागतं. आबांना मौनानं धरलं होतं. जिना उतरून खाली आलो, तर रस्त्यावर जुन्या पुस्तकांचे ढीग, गिऱ्हाइकांची घासाघीस, हॉर्न. त्या गर्दीत उभा राहून मी वडिलांसाठी रडलो. सुनंदा मला आडोसा करून उभी राहिली.

गोळ्यांनी आनंद येत नाही. कुठली चप्पल घालायची ते कळायला लागतं, एवढंच. माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

आणि गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाच्या, दिगूच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, ह्यांनी मौन धरलंय. आबांसारखंच." आवाजात भीती होती, पण थोडा मानही होता. तिच्या हातून फोन घेऊन आई म्हणाली, "तुझ्या गोळ्यांचं तिकडंच ठेव. हितं कुणापाशी बोलू नको. लोक नारळ घेऊन यायलेत."

मला इतका संताप कधी आला नव्हता. एक खाट रिकामी झाली, तर तुम्ही दुसरी मांडलीत!

सुनंदाला घेऊन दुसऱ्याच दिवशी देगलूर गाठलं. दिगू त्याच खोलीत, त्याच भिंतीकडे तोंड करून. गालांची हाडं वर आलेली. पायाशी नारळ, अबीर, आणि नुकताच पाया पडून उठलेला कुणीतरी. मी सगळ्यांना बाहेर काढलं. खाटेवर त्याच्या पाठीला पाठ टेकवून बसलो. म्हणालो, "दिगू, हे मौन नाही. हा आजार आहे. मलाही आहे. आबांनाही होता."

मग भिंतीकडूनच आवाज आला, गंजलेल्या कडीसारखा.

"दादा, त्यांना सांग ना. पाया नका पडू म्हणावं. मला लई भेव वाटतंय."

दिगूला घेऊन निघताना आई दारात आडवी उभी. "कामून मोडलास रे त्याचं मौन? पाप लागंल."

"लागू दे," मी म्हणालो. "आबांच्या वेळी मोडलं नाही, तेही लागलंयच की." ती बाजूला झाली. दिगूच्या अंगावर तिनं आपली शाल टाकली. चिडूनच टाकली, पण टाकली.

आता दिगू आमच्याकडे आहे. गावाकडे त्याची बायको शेत बघते, आठवड्याला येऊन जाते. कोठीला आम्ही दोघे भाऊ एकाच दिवशी जातो. करीमभाई म्हणतो, "एक पे एक फ्री." दिगू परवा त्यावर किंचित हसला. बरा झालाय असं नाही. मीही नाही.

तुम्ही विचारता, घरी कधी येताय? देगलूरला येऊ. पण घर म्हणाल, तर काल सकाळी दिगू म्हणाला, "वहिनी, आज अंघोळ जमायची नाही." सुनंदा म्हणाली, "बरं. चहा घ्या." कुणी त्याला आळशी म्हटलं नाही. कुणी त्याच्या पाया पडलं नाही.