बुजगावण्याचं मडकं फुटलं नव्हतं

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं, मग अंगावर काटा. हसू माझं मलाच.

तेव्हा मी पुण्याच्या हद्दीवरच्या ठाण्यात फौजदार होते. टोपी नवी, अक्कल त्याहून नवी. भर दुपारी फोन आला, "मॅडम, आमच्या ज्वारीत बारकं विमान उतरलंय." मी स्टेशन डायरी उघडेपर्यंत टीव्हीवर लाल पट्टी झळकली: 'स्फोट होऊन विमान कोसळले! उडत्या शवपेट्या थांबणार कधी?' शेतातल्या माणसापेक्षा टीव्हीला जास्त कळणार, असं धरून मी डायरीत लिहिलं, 'कोसळले.'

विमान चालवणारी शिकाऊ मुलगी कोथरूडची. कपाळावर खरचटलेलं, बाकी धडधाकट. वाहिनी म्हणत होती, मुलगी हवेत कसरती करत होती. तांत्रिक चौकशी दुसऱ्या खात्याची. पण तिच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवायचा का, हे मी घेतलेल्या जबाबांवर ठरणार होतं. नोंदवला असता तर तिचं उडणं संपलंच.

"स्फोट कसा झाला?" मी दरडावलं.

"झालाच नाही. इंजिन बंद पडलं. छोटं विमान दगडासारखं पडत नाही मॅडम, तरंगत येतं. मी शेत निवडलं आणि उतरवलं."

"टीव्हीवर तर..."

"टीव्ही चालवत होता का विमान?"

मला झोंबलं. तावातावाने गावात सहा जबाब घेतले. सहाही जण म्हणाले, "कानठळ्या बसवणारा स्फोट झाला." तेच शब्द, तोच सूर, जणू एकच माणूस सहा तोंडांनी बोलत होता. अहो, इथली माणसं म्हणणार 'लई मोठा बार झाला'. मागे प्रत्येक घरात तीच वाहिनी चालू होती. त्या उन्हात मला थंडी वाजली.

सातवी, ज्वारी राखणारी म्हातारी. तिच्या खोपटात टीव्ही नव्हता.

"आवाज कुठला, बाई? आधी सावली आली. पाखरं येकदम गप झाली. मग ते पांढरं डोक्यावरनं वाऱ्यागत गेलं. आवाज आला असता तर एवढी भ्याले नसते. खोटं वाटतंय? त्याला इचार की."

तिने बोट दाखवलं. विमानाच्या पंखापासून दहा पावलांवर बुजगावणं उभं होतं. डोक्याच्या मडक्याला साधा तडा नाही. काळे रंगवलेले डोळे थेट माझ्याकडे. पलीकडे मातीत चाकांचे सरळ चर.

पंचनाम्यात मी मडकं नोंदवलं. पंच हसले. हसोत. गुन्हा दाखल झाला नाही. मुलगी पुन्हा उडाली.

वाहिनीच्या बातमीदाराला फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, नुसतं उतरलं याची बातमी होत नाही."

लहान विमानांना धोका नसतोच, असं मी म्हणत नाही. पण फोन करणाऱ्याने पहिल्याच वाक्यात खरं सांगितलं होतं. मी ऐकायचं सोडून पट्टी वाचत बसले. डायरीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारून सही करायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. माझा 'कोसळले' त्या रेघेखाली अजून तसाच असेल. वाहिनीने रेघसुद्धा मारली नाही.