आज कुणाचा वार

अयोध्याबाईंना आमच्या गावात कुणी गप्प बसलेलं पाहिलेलं नाही. शेरडं हाकताना, दळण आणताना, कुणाच्या ना कुणाच्या दारात त्यांचं काहीतरी चाललेलंच असतं. स्वतः शाळेची पायरी न चढलेली ही बाई गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी एवढी का झटते, असं विचारलं तर म्हणतात, "माज्या पोरी तितंच शिकल्या की."

भूम तालुक्यातलं आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि पोरंही आईबापांमागं फडावर जातात. गेल्या वर्षी पट इतका घसरला, की शाळा बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली. मग बैठक झाली. बैठकीची आमच्या गावाला भारी हौस! नारायणराव निवृत्त शिक्षक, मूळचे तुळजापूरचे. ते म्हणाले, "आमचे आजोबा वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. तसंच करू. पोरं मागं ठेवा, गाव जेवू घालील." टाळ्या पडल्या. मुक्काम अयोध्याबाईंकडं, दुपारी शाळेतली खिचडी, आणि सकाळ-संध्याकाळ ज्याचा वार त्याच्या घरी जेवण, असं ठरलं.

टाळ्या ऐकून कुठली आई पोर मागं ठेवते? अयोध्याबाईंनी घर न् घर पालथं घातलं. सिताबाई काही केल्या ऐकेना. तिची शिवकन्या चौथीत, हुशार. पण फडावर धाकट्याला सांभाळायला तीच लागायची.

"माज्या भरवशावर ठेव," अयोध्याबाई म्हणाल्या. "पोर एक दिस जरी उपाशी झोपली, तर घिऊन जा. म्या अडवायची न्हाय."

सिताबाई कबूल झाली. तिचं पाहून बाकीच्याही झाल्या.

खोटं कशाला बोलू, गावानं बरेच दिवस शब्द पाळला. पोरं दारात उभी राहून विचारायची, "आज तुमचा वार हाय न्हवं?" शिवकन्या तर विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. गाव कौतुकानं हसायचं. मला त्या प्रश्नाचं कधी हसू आलं नाही.

मग महाशिवरात्र आली. शाळेला सुट्टी, म्हणजे खिचडी नाही. गाव डोंगरावरच्या महादेवाला गेलं, बाकीची पोरंही गेली. शिवकन्येच्या पायात काटा मोडलेला, म्हणून ती मागं राहिली. "आज नारायणरावांच्या घरचा वार हाय, तितं जा," असं सांगून अयोध्याबाई निघाल्या. नारायणरावांच्या बायकोचा, शारदाकाकूंचा, कडक उपवास. "आज चूलच पेटवली नाही गं बाळा," त्या मायेनं म्हणाल्या आणि जपाला बसल्या. पुढची दोन घरं कुलूपबंद. तिसऱ्या घरातली म्हातारी म्हणाली, "आज वार कसला? उपास हाय." पोर परत येऊन ओट्यावर बसली. उपवास मोठ्यांनी धरलाय, पोरीनं नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. पुण्य कमावण्यात सगळं गाव गुंतलेलं!

संध्याकाळी अयोध्याबाई परतल्या, तेवढ्यात सिताबाईचा रोजचा फोन आला. काय जेवलीस, असं तिनं लेकीला विचारलं.

"आज गावाला उपास होता," शिवकन्या म्हणाली.

अयोध्याबाईंना ते तेव्हाच कळलं. त्यांनी घाईनं चूल पेटवली, पण भाकरी होईस्तोवर पोर झोपून गेली होती. त्या रडल्या, तिला हलवून पाहिलं, तरी ती जागी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सिताबाई आली. भांडली नाही, तेच वाईट. पोरीचं दप्तर तिथंच ठेवून ती लेकीला घेऊन गेली. आता बाकीच्या आयाही पोरं नेणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

अयोध्याबाई भाकरी-पिठलं बांधून, दप्तर काखोटीला मारून एस.टी.नं ढोकीकडच्या फडावर गेल्या. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीसमोर शिवकन्या धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती.

"चुकलं माजं," त्या सिताबाईला म्हणाल्या. "तू म्हनशील तसं करते. पोरीचं वरीस वाया घालवू नगंस."

सिताबाई कोयत्याला धार लावत राहिली. अयोध्याबाईंनी फडकं सोडून शिवकन्येपुढं भाकरी ठेवली. पोरीला भूक होती, ते दिसत होतं. पण तिनं हात पुढं केला नाही. तिनं विचारलं, "आज कुनाचा वार हाय?"



सिताबाईनं कोयता खाली ठेवला. "खा गं," ती लेकीला म्हणाली. "हितं कुनाला इचारावं लागत न्हाय."

दप्तर कोपीत ठेवून अयोध्याबाई एकट्याच परत आल्या.