चोवीस आरे
काल लाइन गेली, पंखा मंदावला, त्याची पाती वेगवेगळी दिसू लागली आणि मला मिलमध्ये फिटर असलेले बाबा आठवले. मी लहान असताना एका वर्षी आमच्या वस्तीत जयंतीच्या मंडपात फिरते धम्मचक्र लावायचे होते. आईने आठवडाभर खपून बांबूच्या कामट्यांना निळा कागद चिकटवला आणि चोवीस आरे केले. बाबांनी चक्र कूलरच्या मोटरवर बसवून बटण दाबले, तर आरे दिसेनासेच झाले. "हा पंखा होय का जी? माहे आरे कुठी गेले?" आई चिडली. "थांब वं, त्याले चालायले शिकवतो," म्हणत बाबांनी भंगारातली दातेरी चाके आणली. मोटरवरच्या लहान चाकाने मोठे चाक फिरवले, तशी गती उतरली, पण चक्र उलटे फिरू लागले. शेजारची मावशी ओरडली, "काहून गा, धम्म मागं नेऊन राहिला का?" माणसे जमायला तासभर उरला होता. बाबांनी ग्रीसने माखलेल्या हातांनी मध्ये आणखी एक लहान-मोठी जोडी घातली. चक्र सुलटे झाले आणि इतके सावकाश फिरू लागले, की आईने भर मंडपात मोठ्याने आरे मोजले. चोवीस भरले तेव्हाच ती हसली. पंख्याला तीनच पाती असतात हे माहीत असूनही काल मी ती मोजली.